एस्. टी.चा संप आणि जुन्नर-आंबेगांवची वाट

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत आगगाडी नाहीं. मुंबईच्या नोकरदारास बसगाड्या बंद पडल्या तरी लोकलचा आधार असतो, येथें एस्. टी. थांबली म्हणजे बहुतेकांची वाटच थांबली. म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस्. टी. कर्मचाऱ्यांच्या संपाचा इतिहास ज्यास लिहावयाचा असेल, त्यानें तो मंत्रालयांत बसून न लिहितां नारायणगांवच्या स्थानकावर बसून लिहावा, असें आम्हांस वाटतें.

वाहतुकीचा प्रश्न या प्रदेशास नवा नव्हे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटाच्या तोंडाशीं असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असें परंपरा सांगते. तेथील लेण्यांत नागनिका राणीचा लेख आहे. त्यांत यज्ञांची, दक्षिणेंत दिलेल्या गाईंची, घोड्यांची व कार्षापणांची गणती आहे. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत धान्यव्यापाऱ्यांची, कांसारांची, वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी आढळते. यवन दात्यांचींही नांवें सांपडतात. म्हणजे एका धंद्याच्या लोकांनीं एकत्र येऊन आपलें बळ उभें करावें, ही कल्पना जुन्नरास पाश्चात्त्यांनीं शिकविलेली नव्हे! परंतु ज्यांच्या श्रमानें हा माल घाट चढला, त्यांच्यासाठीं राणीच्या लेखांत एक ओळही नाहीं.

बैलांमागून मोटारी आल्या. खासगी मोटारमालकांच्या त्या काळांत गाडी सुटण्याची वेळ घड्याळापेक्षां उतारूंच्या संख्येवर अवलंबून असे. ही अव्यवस्था मोडण्यासाठीं मुंबई सरकारनें वाहतूक आपल्या हातीं घेतली आणि १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ही पहिली एस्. टी. धांवली. ठरलेली वेळ व ठरलेलें भाडें हें तिचें ब्रीद. आरंभीं सरकारनेंच चालविलेल्या या सेवेसाठीं लवकरच स्वतंत्र महामंडळ झालें. एवढ्या एका कलमांत पुढच्या भांडणाचें बीज होतें. गाडीवर राज्याचें नांव, भाड्यास राज्याची मंजुरी, सवलती राज्याच्या. पण चालक व वाहक मात्र राज्याचे नोकर नव्हेत. २०२१ सालीं ‘विलीनीकरण’ या शब्दानें जी मागणी पुढें आली, ती एका अर्थीं १९४८ कडे परत चला, अशीच होती.

करोनाच्या साथींत पगार रखडले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस उपोषण झालें. महागाईभत्त्यावर तडजोड झाली. तरी कांहीं आगारें उघडलीं नाहींत, आणि दिवाळी उलटतांच राज्यांतील सुमारें अडीचशें आगारें बंद पडलीं. ९०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता. ८ नोव्हेंबरला सरकारनें खासगी बसगाड्या, शाळांच्या गाड्या, इतकेंच नव्हे तर मालवाहू वाहनें यांनाही उतारू नेण्यास परवानगी दिली. जी गोष्ट कालपर्यंत दंडास पात्र होती, ती एका अधिसूचनेनें लोकसेवा ठरली! त्र्याहत्तर वर्षांपूर्वीं जी अव्यवस्था हटविण्यासाठीं एस्. टी. जन्मास आली, तीच सरकारी आज्ञेनें रस्त्यावर परत आली.

याचा अर्थ आहुपें, डिंभें किंवा भीमाशंकराच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर काय होतो, हें शहरांतील वाचकांस सांगावें लागेल. एस्. टी.ची एक ‘मुक्कामी गाडी’ असते. सायंकाळीं तिनें शेवटच्या गांवीं जावें, चालक-वाहकांनीं तेथेंच रात्र काढावी आणि पहांटे तीच गाडी माणसें घेऊन तालुक्याकडे निघावी, अशी ही रीति. कचेरींतला शिपाई, दवाखान्यास निघालेली म्हातारी, हिरड्याचें गांठोडें घेतलेला महादेव कोळी, शाळेच्या मुली, या सर्वांचा दिवस त्या गाडीच्या भोंग्यानें उजाडतो. चाकणच्या कारखान्यांत जाणारा कामगार पुणें-नाशिक महामार्गावर पोंचला म्हणजे त्यास कांहींतरी वाहन मिळे; अडचण होती ती महामार्गापर्यंत पोंचण्याची. मंचर-नारायणगांवीं राहून पश्चिमेकडच्या शाळांत शिकविणारे शिक्षक एकमेकांच्या दुचाकीवर जाऊं लागले. टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या पिकअपमध्यें मजूर बाया उभ्यानें जात. जीप भरल्याशिवाय हलेना, आणि भरली तरी आणखी दोघांस जागा असेच!

सर्वांत मोठी हानि मुलींची झाली. एस्. टी.चा मोफत पास हा त्यांच्या शिक्षणाचा खरा आधार; जीपवाल्यास तो पास म्हणजे कागदाचा तुकडा. ग्रामीण भागांतील पांचवी ते बारावीच्या शाळा साथीनंतर ४ ऑक्टोबरला, महाविद्यालयें २० ऑक्टोबरला उघडलीं होतीं, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच ही दुसरी टाळेबंदी आली. बापास मजुरींतून रोजचें जीपभाडें काढावयाचें, तर प्रथम कोणाची शाळा सुटते, हें सांगावयास नको.

तथापि या भागांत वाहकाविषयीं कडवट शब्द आमच्या कानीं फारसा आला नाहीं. तो परका नव्हता. कोणाचा भाचा, कोणाचा जांवई. त्याच्या पगाराची कथा घरोघर ठाऊक होती. २४ नोव्हेंबरला सरकारनें दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनांत ५,००० रुपयांची वाढ जाहीर केली. वेतनाची तक्रार रास्त होती, असें आमचें मत आहे. आणि त्या वाढीनंतरहि विलीनीकरणासाठीं गाड्या महिनोन् महिने उभ्या ठेवणें रास्त नव्हतें, असेंहि आमचें मत आहे. त्रिसदस्य समितीनें ती मागणी अमान्य केली व मार्च २०२२ मध्यें तिचा अहवाल विधिमंडळापुढें आला. ७ एप्रिलला उच्च न्यायालयानें कर्मचाऱ्यांस २२ तारखेपर्यंत कामावर येण्यास सांगितलें व त्यांच्या नोकऱ्यांसही संरक्षण दिलें. त्या वर्षीं मंडळानें विद्यार्थ्यांस आपापल्या शाळेंतच परीक्षेस बसण्याची सोय केली होती. परंतु मूळ शाळाच ज्यांच्या घरापासून दूर, त्यांस त्या शाळेपर्यंत जीप गांठावीच लागली. दहावीचा शेवटचा पेपर ४ एप्रिलला झाला. न्यायालयाचा आदेश त्यानंतर तीन दिवसांनीं निघाला.