पावसाळ्यांतील स्वस्थ दिवस

श्रावणांतली एखादी दुपार. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खेड्यांत सकाळपासून पाऊस लागून राहिला आहे. पागोळ्यांच्या धारांनीं अंगणांत ओळीनें खळगे पडले आहेत. पडवीला नारळीच्या झापांचा आडोसा केला आहे. गोठ्यांत गुरें रवंथ करीत उभीं आहेत. चुलीचा धूर माजघरांतच रेंगाळत आहे. ओटीवर घरांतला म्हातारा सुंभ वळीत बसला आहे, आंत कोणी पोथी वाचीत आहे आणि मुलें भाजलेल्या आठळ्या सोलून खात आहेत. कोणाला कोठें जावयाचें नाहीं आणि कोणी येण्याचा संभवहि नाहीं. शहरांतल्या माणसाला हें चित्र आळसाचें वाटतें आणि मनांतून त्याचा थोडा हेवाहि वाटतो.

पण या स्वस्थतेला इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे. पावसांत निश्चिंतपणें घरीं बसतां येणें हें निसर्गानें फुकट दिलेलें दान नव्हे. ती माणसांनीं घडविलेली एक व्यवस्था आहे, आणि तिची किंमत कोणी तरी आधींच मोजलेली असते. ती कोणी मोजली, आणि जेथें ती मोजली गेली नाहीं तेथें काय झालें, याचे दाखले महाराष्ट्राच्या इतिहासांत जागोजाग आढळतात.

त्यांतला एक फार जुना दाखला नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. बुद्धाच्या भिक्षूंचा धर्म वस्तुतः फिरण्याचा. परंतु पावसाळ्यांत हिंडणारे भिक्षु कोंवळें गवत तुडवितात आणि पायांखालीं असंख्य बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हां त्यांनीं पावसाचे तीन महिने एका जागीं रहावें असा नियम झाला, असें विनयग्रंथांत सांगितलें आहे. यालाच वर्षावास म्हणतात. जैन साधूहि याच कारणानें चातुर्मास एका गांवीं काढतात. आतां नियम करणें सोपें. पण ज्याला घर नाहीं आणि ज्यानें संचय करावयाचा नाहीं, त्यानें धो धो पावसांत रहावें कोठें आणि पांघरावें काय? सह्याद्रीच्या कातळांत खोदलेलीं लेणीं हें पहिल्या प्रश्नाचें उत्तर होय. दुसऱ्याचें उत्तर शिलालेखांत आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं, नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्या डोंगरांत एक लेणें कोरून संघाला दिलें. एवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेविली, आणि तीहि गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल कधींहि परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज घ्यावयाचें. दोन हजारांच्या व्याजांतून, त्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रांसाठीं मिळावे, असें लेखांत म्हटलें आहे. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचें शेंकडा एक प्रमाणें महिन्याचें व्याज वीस, वर्षाचें दोनशें चाळीस. आणि वीस भिक्षूंचे बारा बारा मिळून तेवढेच दोनशें चाळीस. एक कवडी जास्त नाहीं, एक कवडी कमी नाहीं. दात्यानें दान देतांना नुसतें पुण्य पाहिलें नव्हतें, गणितहि मांडलें होतें. डोंगरांतल्या एखाद्या भिक्षूनें पावसाकडे पाहात ज्या स्वस्थ दुपारी घालविल्या असतील, त्यांच्यामागें गोवर्धनच्या विणकरांचे माग वर्षभर चालत होते.

पुढें चातुर्मास हा भिक्षूंचा आणि साधूंचाच राहिला नाहीं. तो घराघरांत शिरला. आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो, ही कल्पना गृहस्थाच्या सोयीचीच होती; ज्या दिवसांत प्रवास करणें धोक्याचें, त्या दिवसांत लग्नकार्यें नसावींत, हें शहाणपण तींत आहे. बाहेरचीं कामें थांबलीं म्हणजे घरांत श्रवणाला अवसर मिळतो. श्रीधराचा ‘हरिविजय’ १७०२ सालचा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा आणि ‘शिवलीलामृत’ १७१८ चें. हे ग्रंथ महाराष्ट्रांत घरोघर पसरले, याला त्यांची सुबोध ओंवी जितकी कारण, तितकेंच श्रावणांतले रिकामे प्रहरहि कारण होत. एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, असा तो वाचनाचा प्रकार होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कित्येकांचें सारें विद्याभांडार पावसाच्या आवाजांतच भरलें गेलें.

राज्यकर्त्यांनाहि पावसापुढें मान वांकवावी लागे. शिवछत्रपतींच्या लष्कराचा जो क्रम कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत नोंदला आहे, त्यांत वर्षाचे दोन भाग सरळ पाडलेले दिसतात. आठ महिने लष्करानें बाहेर मुलुखगिरी करावी आणि पावसाळ्याचे चार महिने स्वदेशीं छावणीस यावें. छावणींत दाणा, वैरण, औषधें आधींच सांठवून ठेवावीं. माणसांसाठीं घरें आणि घोड्यांसाठीं पागा गवतानें शाकारून सिद्ध ठेवाव्या. दसरा झाला कीं लष्करानें कूच करावें. आज दसऱ्याला आपट्याचीं पानें वांटतांना ज्याला सीमोल्लंघन म्हणतात, तें त्या काळीं खरोखरीच सीमा ओलांडणें होतें.

ही छावणी म्हणजे काय जबाबदारी होती, तें राज्याभिषेकाच्या म्हणजे १६७४ च्या आगेमागे चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना गेलेल्या एका पत्रावरून कळतें. मराठी राज्याच्या कागदपत्रांत या पत्राची योग्यता फार मोठी आहे. त्यांत स्वारीचा बेत नाहीं कीं शत्रूची बातमी नाहीं. सारा मजकूर पावसाळा कसा काढावा याविषयींचा आहे. जमविलेला दाणागोटा आणि वैरण आतांच मन मानेल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं. घोडीं उपाशी मरतील. मग लोक गांवांत शिरतील. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूडफाटा, कोणी भाजी. तसें झालें म्हणजे रयत घरदार सोडून जाईल आणि तिला मोंगल बरे वाटूं लागतील. म्हणून जें लागेल तें बाजारांतून पैसे देऊन घ्यावें, कोणावर जुलूम करूं नये, अशी सक्त ताकीद त्यांत आहे.

पुढचा मजकूर तर घरांतल्या कर्त्या माणसानें निजण्यापूर्वीं द्यावा तसा आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठीं विस्तव नेईल. रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारें गवत भस्म होईल. मग घोड्यांनीं खावें काय? पावसाळा पुढें उभा आहे आणि गवत पुन्हा मिळणार नाहीं. राज्याचा धनी उंदरानें नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, तेव्हां छावणींतल्या शिपायाला आणि शेजारच्या कुणब्यालाहि पावसांत स्वस्थ झोंप लागते.

अर्थात् हा नियम प्रसंगीं मोडावाहि लागे. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्याचा वेढा पावसाळ्यांतहि उठविला नाहीं. पण त्याच आषाढांतल्या पावसाळी रात्रीं, १२ जुलैस, महाराज वेढ्यांतून निसटले. दुसऱ्या दिवशीं विशाळगडाच्या वाटेवरील खिंडींत बाजीप्रभु देशपांडे लढतां लढतां पडले. पाऊस ज्यांच्या ओळखीचा, त्यांना तो वाट देतो. पण त्या वाटेचेंहि मोल द्यावें लागतेंच.

ज्यांनीं पावसाला मान दिला नाहीं, त्यांची काय गत झाली तें औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमांत दिसतें. सह्याद्रीचे किल्ले घेण्याच्या ईर्ष्येनें बादशाही लष्कर भर पावसाळ्यांत घाटांतून हिंडत राहिलें. १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभीं माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें मुक्काम असतां रात्रीं पूर आला. तंबू, जनावरें, माणसें वाहून गेलीं आणि त्या गोंधळांत खुद्द बादशहाचा पाय दुखावून त्याला कायमचें लंगडेंपण आलें. १७०२ च्या जूनमध्यें विशाळगड हातीं आल्यावर तें लष्कर पन्हाळ्याकडे परतूं लागलें. अंतर सुमारें तीस मैल. पण चिखल, ओढे आणि उपासमार यांतून तें कापण्यास एक महिन्याहून अधिक काळ लागला. जगांतल्या एका अत्यंत श्रीमंत बादशहाजवळ सर्व कांहीं होतें. पावसांत स्वस्थ बसण्याची अक्कल तेवढी त्या मोहिमेजवळ नव्हती.

राजे आणि लष्करें सोडून आरंभीच्या त्या खेड्यांतल्या घराकडे वळलें, तर तेथेंहि तोच कायदा चालतो. कुणब्याची स्वस्थ दुपार आषाढांत नसतेच. तेव्हां तो इरलें किंवा घोंगडीची खोळ घेऊन गुडघाभर चिखलांत लावणी करीत असतो. लावणी संपली म्हणजेच ती दुपार येते. आणि तीहि आधींच्या कामावर उभी असते. कोंकणांत पावसाळ्यापूर्वींच्या या तयारीला आगोट म्हणतात. घर शाकारणें किंवा कौलें फिरविणें, लांकडें फोडून रचणें, कणगींत भात आणि नाचणी भरणें, मीठ, मिरच्या, पापड, सांडगे, फणसाचीं साटें, किनाऱ्यावर सुके बोंबील. वैशाखाच्या उन्हांत हें सारें वाळवून ठेवणाऱ्या बायकांचे हात श्रावणांतल्या प्रत्येक घासांत असतात. कोळ्यांच्या होड्याहि त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करीपर्यंत जाळीं विणणें आणि दुरुस्त करणें हेंच त्यांचें घरचें काम.

परंतु प्रत्येक घरांत कणगी भरलेली नसे. ज्याच्या घरांतला दाणा आषाढांतच सरला, त्याला पावसाळी दुपार शांत नव्हे, भयाण वाटे. तो सावकाराकडे जाऊन खावटी आणी. म्हणजे पावसाळ्यापुरतें धान्य उसनें घेई. पीक निघालें कीं तें सवाईनें, कधीं दिढीनें फेडावें लागे, आणि पुढच्या वर्षींची कणगी आदल्याच वर्षीं रिकामी होई. येथें नाशिकच्या शिलालेखाची आठवण होते. त्या लेण्यांत पावसाळ्यांत बसणाऱ्याला व्याज मिळत होतें. या झोंपडींत पावसाळ्यांत बसणाऱ्याकडून तें वसूल होत होतें. पाऊस दोहोंकडे सारखाच, छप्पर कातळाचें कीं गवताचें एवढाच फरक नव्हे. आधींचा हिशेब कोणी कोणासाठीं मांडला, यांत खरा फरक होता.

आगगाडी आणि पक्क्या सडका आल्यावर चार महिन्यांचा हा बंदिवास हळूहळू सुटला. भोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं चालूं लागली. दक्षिण कोंकण मात्र पुष्कळ काळ मागें राहिलें. पावसाळ्यांत किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत आणि मुंबईच्या गिरणींतला चाकरमानी व त्याचें गांवचें घर यांच्यांत तितके महिने खवळलेला समुद्र उभा राही. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, तेव्हां हें अंतर तुटलें. तरीहि त्या मार्गावर गाड्यांसाठीं पावसाळ्यापुरतें वेगळें वेळापत्रक असतें आणि त्यांत गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो. चिपळूणच्या छावणीला गेलेल्या पत्रांत जी सावधगिरी होती, तिचेंच हें लोखंडी रुळांवरचें रूप म्हणतां येईल.

आज शहरांतल्या घरांत दाणा आठवड्याच्या हिशेबानें येतो आणि पाऊस खिडकींतून पाहण्याची वस्तु झाला आहे. एखाद्या दिवशीं तो फार पडला, गाड्या थांबल्या आणि सर्व माणसें घरींच राहिलीं, तर तो दिवस अवचित मिळालेल्या सुटीसारखा वाटतो. पण त्या दिवशींहि कोणी तरी दूध घेऊन भिजत आलेला असतो, कोणी विजेच्या तारा सांभाळीत उभा असतो आणि घाटाखालीं कोणी चिखलांत वांकून पुढच्या वर्षाचें भात लावीत असतो. नाशिकच्या दात्यानें वीस भिक्षूंच्या स्वस्थतेची किंमत कवडीपर्यंत मोजली आणि ती दगडावर लिहून ठेविली. बहुतेक घरांत ती कोठेंच लिहिलेली नसते. पागोळ्या गळत असतांना ती आठवावी लागते.