दुचाकीवरील बालकाचे स्थान

वाहनांचा इतिहास बहुधा यंत्राच्या अंगाने लिहिला जातो. कोणते इंजिन कोणी घडविले, त्याची शक्ती किती, ते कोणत्या साली बाजारात आले, याची नोंद कोणीतरी ठेवतोच. त्या वाहनावर कोण कोठे बसले, हे मात्र क्वचितच कोणी टिपून ठेवतो. मोटारसायकल व स्कूटर यांच्या बाबतीत ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. आपल्या समाजाने या दोन चाकांवर अख्खे कुटुंब वाहिले, आणि त्या कुटुंबातील सर्वांत लहान जिवासाठी त्या यंत्रावर मुळात जागाच नव्हती. आईबापांनी ती मायेने व नाइलाजाने शोधून काढली. ती कशी शोधली गेली, आणि तिची दखल घेण्यास कायद्याला किती वर्षे लागली, हे येथे सांगावयाचे आहे.

युरोपात आरंभी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. तेथील मध्यमवर्गीय गृहस्थ मोटारसायकलीला साइडकार जोडीत असे. बायको व मूल त्या होडीसारख्या खोक्यात बसत आणि वाहन तीन चाकांवर स्थिर राही. १९५९ साली इंग्लंडात 'मिनी' ही छोटी, स्वस्त मोटार निघाली आणि साइडकारची मागणी झपाट्याने ओसरली. कुटुंब साइडकारमधून थेट मोटारीत गेले. आपल्याकडेही स्कूटरला साइडकार जोडलेली कुटुंबे शहरांतून दिसत. परंतु ती थोडी. बहुतेकांनी मूल दोन चाकांवरच घेतले, आणि मोटारीपर्यंत पोहोचण्यास त्यांना आणखी एक-दोन पिढ्या लागल्या. पुष्कळांना ती आजही परवडत नाही.

मूल पुढे उभे राहू लागले त्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, एका विमानशास्त्रज्ञाकडे जाते. १९४६ साली पियाज्यो या इटालियन कंपनीसाठी कोर्रादिनो द'आस्कानियो यांनी 'व्हेस्पा' स्कूटरची रचना केली. त्यांना मोटारसायकल आवडत नसे. इंजिनाचे तेल कपड्यांना लागू नये आणि स्त्रियांनाही सहज बसता यावे, म्हणून त्यांनी इंजिन मागे झाकून टाकले, पुढे पत्र्याची ढाल लावली आणि मधे पाय ठेवण्यास सपाट फळी दिली. ती फळी पायांसाठी होती. १९६० साली बजाज कंपनीने पियाज्योच्या परवान्याने भारतात स्कूटर काढण्यास आरंभ केला. मुंबईत लॅम्ब्रेटा त्याही आधीपासून जुळविली जात होती. आपल्या लोकांनी ती फळी पाहिली आणि तेथे थोरले पोर उभे केले. धाकटे आईच्या मांडीवर, आई एका बाजूस पाय सोडून बसलेली, तिचा एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसरा मुलाभोवती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली, तेव्हा ती घरी आल्यावर कोणाला वगळून जाणार? १९७२ साली 'चेतक' आली तेव्हा ही बैठक रूढ होऊन गेली होती.

गोमंतकात ही सारी घडामोड उशिरा व एकदम झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा येथील प्रवास मुख्यतः पायी, होडीने, फेरीबोटीने आणि कारेरने चाले. १९७० साली मांडवीवर पूल झाला आणि बार्देशकर पणजीस दुचाकीने थेट जाऊ लागला. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला तेव्हा कित्येकांना फेरीबोटीची रांग पुन्हा धरावी लागली. पण दुचाकीची सवय मोडली नाही. पिवळ्या मडगार्डाचा 'पायलट', म्हणजे भाड्याची मोटारसायकल, ही गोव्याची खास संस्था. बस चुकलेली आई कडेवरच्या मुलासह त्याच्या मागे बसते, हे दृश्य येथे इतके परिचयाचे आहे की परगावच्या पाहुण्यालाच त्याचे नवल वाटावे.

स्त्रियांच्या हाती वाहन आले तो टप्पाही विसरून चालणार नाही. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची 'लूना' निघाली. १९८४ साली इंदूरजवळच्या पीथमपुरातून बिनगिअरची 'कायनेटिक होंडा' निघू लागली. शाळेत मुलास पोहोचविण्याचे काम त्यानंतर घरोघरी आईकडे आले. या वाहनांनी स्त्रीला मोठे स्वातंत्र्य दिले, यात संशय नाही. परंतु मुलाची जागा होती तेथेच, पायांच्या फळीवर, राहिली.

आता कायद्याकडे वळू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच असे होते की, दुचाकी चालविणाऱ्याने आपल्याखेरीज एकच व्यक्ती न्यावी आणि ती चालकाच्या मागे, पक्क्या बसविलेल्या आसनावरच बसलेली असावी. १९८८ च्या कायद्याच्या १२८ व्या कलमात हीच भाषा पुन्हा आली. म्हणजे पुढच्या फळीवर उभे राहिलेले मूल पहिल्यापासून बेकायदेशीरच होते, आणि आईबापांसह निघालेले तान्हेही! कायद्याच्या चित्रात आई, बाप आणि मूल एकत्र मावतच नाहीत. पण हे कलम लहान मुलाला लावावे असे रस्त्यावरच्या शिपायालाही वाटले नाही, आणि का वाटावे? त्याचीही मुले तशीच शाळेत जात होती. कायदा कागदावर राहिला, रूढी रस्त्यावर राहिली.

डोक्याच्या संरक्षणाची कथा याहून उद्‌बोधक आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून जात असता सायकलीवरील दोन मुलांना वाचविण्यासाठी एकाएकी वळले आणि फेकले गेले. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, ते मेंदूच्या इजेने मरण पावले. त्यांना पाहण्यास बोलाविलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेले नाही. १९४१ साली त्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून दाखविले की, महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मेले होते आणि त्यांत डोक्याची इजा हेच प्रमुख कारण होते. अपघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले फक्त सात जण त्यांना आढळले, आणि ते सातही वाचले होते. सात ही संख्या लहान आहे. परंतु सैन्याने ती मानली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ही सक्ती प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १९६१ साली केली. खुद्द इंग्लंडने १९७३ साली. आपल्याकडे हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यासारख्या सुशिक्षित नगरात वारंवार आंदोलने झाली, हे वाचकांना आठवत असेलच. या सर्व वादात प्रश्न मोठ्या माणसांच्या डोक्यांचा होता. मुलाच्या डोक्याविषयी कोणत्याच बाजूने फारसे बोलणे झाले नाही.

वास्तविक ज्याचे डोके सर्वांत जड त्याचीच चिंता आधी व्हावयास हवी होती. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते; प्रौढाचे सुमारे आठव्या. मान कोवळी, स्नायू अपुरे; अशा मानेवर तो भार असल्याने धक्का बसताच मूल डोक्याकडूनच पुढे जाते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ११ मीटर. या वेगाने आदळणे हे सहा मीटरांवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. आईने धरले आहे, असे आपण म्हणतो. मुलाचे वजन १० किलो धरले आणि वाहन एक-दशांश सेकंदात थांबले, तर त्याला धरून ठेवण्यास आईच्या हातांना ११० किलोंच्या ओझ्याइतका जोर लागेल. तोही एका हाताला, कारण दुसऱ्याने तिने स्वतःला सावरलेले असते. आईच्या मायेला मर्यादा नाही; तिच्या मनगटाला आहे.

पुढे उभ्या मुलाची स्थिती याहून वाईट. ते हँडलवर आदळते आणि मागून चालकाचे शरीर त्याच्यावर येते. दोघांच्या मधे बसविलेले मूल सुरक्षित दिसते खरे, पण त्याचे पाय पायदानापर्यंत पोहोचत नाहीत. ते चाकाच्या आऱ्यांजवळ लोंबकळतात, किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पोटरी भाजते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागच्या प्रवाशासाठी धरण्याचे कडे, पायदान आणि मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी आवश्यक ठरविली. जाळीचा हेतू कपडे अडकू नयेत हा. पायदानाची उंची मात्र मोठ्या माणसाच्या पायाला धरून ठरली.

मुलाचा प्रवेश कायद्यात झाला तो २०१९ च्या दुरुस्तीने, आणि तोही अपवादाच्या रूपाने. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने शिरस्त्राण घातले पाहिजे, असे १२९ व्या कलमात आले. त्याहून लहानांसाठी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे ठेवला. ते नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाले आणि वर्षभराने अमलात यावयाचे ठरले. चार वर्षांखालील मुलास चालकाच्या शरीराशी जोडणारा पट्टा बांधावा. हा पट्टा म्हणजे मुलाने घालावयाचे बंडीसारखे वस्त्र. त्याचे बंद चालकाच्या खांद्यांवरून जातात आणि ते ३० किलोंपर्यंतचे वजन पेलणारे असावे. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला त्याच्या डोक्यास बसणारे शिरस्त्राण घालावे. मूल बरोबर असता वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये. पडताना चालक मुलासह पडेल, ही शंका या पट्ट्याबद्दल घेता येते. तरी झोपलेले मूल वळणावर घसरून पडणे हा नित्याचा धोका त्याने टळतो, हे आम्ही मान्य करतो.

इतर देशांनीही हीच वाट चाचपडत चालली आहे. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून शिरस्त्राण सक्तीचे केले. मोठ्यांनी ते घातले, पण मुलांची डोकी उघडीच राहिली, कारण शिरस्त्राणाच्या वजनाने मुलाची मान दुखावते अशी आईबापांत समजूत होती आणि मुलांच्या बाबतीत दंडाची तरतूदही लंगडी होती. फिलिपिन्सने २०१५ साली दुचाकीवरील मुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला. वर्दळीच्या रस्त्यांवर मूल न्यावयाचे तर त्याचे पाय पायदानावर नीट टेकले पाहिजेत, त्याचे हात चालकाच्या कमरेभोवती पोहोचले पाहिजेत आणि डोक्यावर शिरस्त्राण हवे. ही कसोटी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. वयाचा दाखला न पाहता ती मुलाचे हातपाय पाहते.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरील होती. शिरस्त्राण नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले प्रवासी. हे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचेच आकडे.

येथे कोणी म्हणेल, गरिबाने काय करावे? प्रश्न खोटा नाही. पावसात स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली आणि २००८ च्या जानेवारीत 'नॅनो' लोकांपुढे आली. पण ती गाडी चालली नाही आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. ते कुटुंब स्कूटरवरच राहिले. २०२३ साली केरळात रस्त्यांवर कॅमेरे बसले तेव्हा आईबापांबरोबरच्या तिसऱ्या लहान मुलास सूट मिळावी, अशी मागणी उठली. केंद्राने ती नाकारली. दंड व्हावा की होऊ नये, याविषयी दोन मते असू शकतात. मूल तिसरे असले म्हणून त्याचे हाड घट्ट होत नाही, याविषयी नाहीत.

आमच्या वाचकांचा या विषयाशी एक खास संबंध आहे. बेळगाव, हैदराबाद, वडोदरा येथून कुळावी मंडळी कुलदेवतेच्या दर्शनास येतात, आणि पुष्कळदा निमित्त असते मुलाच्या उष्टावणाचे किंवा जावळाचे. लांबचा प्रवास आगगाडीने व बसने सुखरूप होतो. फोंड्याहून मंगेशी, म्हार्दोळ वा कवळ्यापर्यंतचे शेवटचे थोडे किलोमीटर कोणा आप्ताच्या स्कूटरवरून होतात. उष्टावणाचे मूल सहा महिन्यांचे. शिरस्त्राणाचा नियम नवव्या महिन्यापासून लागतो, कारण त्याआधी मान ते पेलू शकत नाही. त्याचा अर्थ मोकळ्या डोक्याने न्यावे असा कोणी घेऊ नये. आईबापांच्या डोक्यावर हेल्मेट आणि बाळाच्या डोक्यावर टोपडे, ही जोडी आम्हांस पाहवत नाही. तेवढ्या अंतरास रिक्षा मिळते, बस मिळते.

दुसरी गोष्ट जत्रेच्या रात्रीची. आपल्या देवळांभोवती अग्रशाळा बांधल्या गेल्या त्या पायी व होडीने येणाऱ्या कुळाव्यांसाठी. पालखी झाल्यावर मुलेबाळे तेथेच निजत आणि दिवस उजाडल्यावर घरची वाट धरीत. दुचाकी आली तशी रात्रीच परतण्याची सोय झाली, आणि माघातल्या थंडीत पेंगणारे पोर बापाच्या पाठीवर डोके टेकून मध्यरात्री घाटी उतरू लागले. ज्यांच्या पदरी लहान मूल आहे त्यांनी देवस्थानास आगाऊ कळवून त्या रात्रीपुरती अग्रशाळेत जागा मागून घ्यावी. ती त्याचसाठी बांधलेली आहे.