ऋण आणि परतफेड : 'रास्कल्स' वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका (१९६५–१९७२)

अमेरिकेच्या विसाव्या शतकातील सामाजिक इतिहासाची साधने म्हटली म्हणजे न्यायालयांचे निवाडे, काँग्रेसने केलेले कायदे, वृत्तपत्रे आणि चळवळीतील पुढाऱ्यांची आत्मचरित्रे यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहजच जाते. ध्वनिमुद्रिका हे साधन मात्र अजूनही करमणुकीच्या कपाटात पडून राहिले आहे. वास्तविक वर्णभेदाचा प्रश्न ज्या देशात शाळा, बसगाड्या आणि उपाहारगृहे यांच्या दारात येऊन उभा राहिला, त्या देशात तो गाण्याच्या तबकडीत शिरला नसता तरच नवल. प्रस्तुत निबंधात न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातील 'रास्कल्स' या चार गोऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदाचा विचार करावयाचा आहे. या मंडळींनी आपली गायकी कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीतातून घेतली, ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी लपविली नाही. प्रश्न एवढाच की, या घेण्याला उसनवारी म्हणावे, अनुकरण म्हणावे, की ज्याची फेड करावयाची असते असे ऋण म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या कालक्रमातच सापडते, असे आमचे मत आहे.

प्रथम 'सोल' या संज्ञेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्तता आणि 'रिदम अँड ब्लूज' या लौकिक संगीताचा ठेका यांच्या संयोगातून ही शैली १९५० नंतरच्या दशकात आकाराला आली. 'रिदम अँड ब्लूज' हे नावही मोठे बोधप्रद आहे. 'बिलबोर्ड' हे व्यापारी साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची खपवारी पूर्वी 'रेस रेकॉर्ड्स' या, म्हणजे वंशवाचक, मथळ्याखाली छापीत असे. १९४९ मध्ये तो मथळा बदलून 'रिदम अँड ब्लूज' करण्यात आला. हे नाव सुचविणारा त्या साप्ताहिकातील तरुण पत्रकार जेरी वेक्सलर हा पुढे अटलांटिक या ध्वनिमुद्रण कंपनीचा भागीदार झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्यांवर उभी राहिली होती. तिचा एक संस्थापक अहमत एर्टेगन हा तुर्कस्तानच्या वॉशिंग्टन येथील राजदूताचा मुलगा होता. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात 'बिलबोर्ड'ने ही वेगळी यादी बंदच ठेवली होती, हेही अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या आवडीत फरक उरला नाही अशी त्या वेळी समजूत झाली असावी. यादी पुन्हा सुरू झाली त्याच वर्षी आपल्या वाद्यवृंदाचा जन्म झाला.

फेलिक्स कॅव्हालिएर (ऑर्गन व गायन), एडी ब्रिगाटी (गायन), जीन कॉर्निश (गिटार) आणि डिनो डॅनेली (ड्रम) हे ते चौघे. यांतील कॉर्निश हा जन्माने कॅनडातील ऑटावाचा. बाकीचे तिघे इटालियन वंशाचे अमेरिकन. कॅव्हालिएरने लहानपणी पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने पियानोचे शिक्षण घेतले होते आणि सिरॅक्यूज विद्यापीठात वैद्यकपूर्व अभ्यासक्रमासाठी नावही घातले होते. डॅनेलीचा हात जॅझवर बसलेला होता. डॅनेलीखेरीज तिघेही जोई डी याच्या 'स्टारलायटर्स' या वाद्यवृंदात, म्हणजे ट्विस्ट नृत्याच्या लाटेवर वर आलेल्या मंडळींत, काही काळ होते. १९६५ मध्ये न्यू जर्सीतील गारफील्ड येथे आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील 'बार्ज' या तरंगत्या क्लबात त्यांचे कार्यक्रम गाजले. बीटल्सना कार्नेगी हॉलमध्ये आणणारा सिड बर्नस्टाइन हा त्यांचा व्यवस्थापक झाला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम होता, त्या प्रसंगी याने मैदानाच्या धावफलकावर 'रास्कल्स येत आहेत' अशी जाहिरात झळकविली. दुसऱ्या एका हार्मोनिका-वृंदाने नावाला हरकत घेतल्यामुळे आरंभी त्यांना 'यंग रास्कल्स' असे म्हणवून घ्यावे लागले. १९६८ पासून 'यंग' हा शब्द गळाला.

अटलांटिकशी झालेल्या करारात एक विशेष होता. आपल्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे या तरुणांनी आपल्याच हाती राखली आणि कंपनीने टॉम डाउड व आरिफ मार्दिन हे दोन अनुभवी जाणकार त्यांच्या साहाय्याला दिले. वाद्यवृंदात बास गिटार वाजविणारा नव्हता. रंगमंचावर कॅव्हालिएर हॅमंड ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर खर्जाची बाजू सांभाळी. स्टुडिओत हे काम बहुधा चक रेनी या कृष्णवर्णीय वादकाकडे असे. हॅमंड ऑर्गन हे वाद्य कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि जिमी स्मिथसारख्या जॅझ वादकांच्या हातून या तरुणांपर्यंत आले होते. म्हणजे ऋण केवळ गळ्याचे नव्हते, वाद्याचेही होते.

मार्च १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या संग्रहात दहा गाणी आहेत, त्यांपैकी वाद्यवृंदाची स्वतःची रचना अवघी एक. विल्सन पिकेटने १९६५ मध्ये गाजविलेले 'इन द मिडनाइट अवर' त्यात आहे, तसेच 'मस्टँग सॅली'ही आहे. येथे कालक्रमाकडे दुर्लक्ष केल्यास फसगत होते. 'मस्टँग सॅली' म्हटले की आज पिकेटचाच आवाज आठवतो, आणि त्यामुळे रास्कल्सनी त्याची नक्कल केली असे वाटणे साहजिक आहे. परंतु हे गीत मूळ मॅक राइस याचे, १९६५ चे. पिकेटची तबकडी १९६६ च्या अखेरची. तेव्हा या एका गाण्यापुरती नक्कल सिद्ध होत नाही; उगम मात्र कृष्णवर्णीय रचनाकाराचाच राहतो.

'गुड लव्हिन' या गीताची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. रूडी क्लार्क आणि आर्थर रेझनिक यांची ही रचना कृष्णवर्णीयांच्या 'ऑलिंपिक्स' या गायकसमूहाने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित केली. ती राष्ट्रीय यादीच्या तळाशीच घोटाळत राहिली. रास्कल्सनी तीच रचना घेतली, लय चढविली, मध्येच एक क्षणभर सर्व आवाज थांबवून पुन्हा उसळी घेतली, आणि १९६६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस ती देशात पहिल्या क्रमांकावर गेली. रचनाकारांना कायद्याने त्यांचा वाटा मिळतो. पण जे गायक ती आधी गायले त्यांना या यशातून काहीही मिळत नाही, कारण गायनाच्या ढंगावर कोणाची मालकी चालत नाही. रास्कल्सची तबकडी ऐकण्यास अधिक चैतन्यपूर्ण आहे, हे निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे. तथापि हे चैतन्य ज्या रेडिओ केंद्रांच्या दारातून आत शिरले, ती सर्व दारे ऑलिंपिक्सना सारखीच उघडी होती असे म्हणवत नाही. गोऱ्या गायकांच्या या गायकीला १९६४ च्या सुमारास 'ब्ल्यू-आइड सोल', म्हणजे निळ्या डोळ्यांचे सोल, असे नाव पडले. नाव कौतुकाने दिलेले असले तरी त्यातून ऐकणारा आवाजाच्या आधी कातडीचा रंग विचारीत असे, हे उघड होते.

एका वर्षात चित्र पालटले. १९६७ च्या 'ग्रूव्हिन' या संग्रहात एक गीत वगळता सर्व रचना या वाद्यवृंदाच्याच आहेत, आणि त्यांतील बऱ्याच कॅव्हालिएर व ब्रिगाटी या जोडीच्या. संग्रहाला ज्यावरून नाव मिळाले ते गीत तर त्यांच्या पूर्वीच्या धांगडधिंग्याशी नातेच सांगत नाही. काँगाचा संथ ठेका, रेनीच्या बासची क्यूबन वळणाची चाल, माउथऑर्गनचे सूर आणि पाठीमागे पक्ष्यांचा किलबिलाट एवढ्यावरच ते उभे आहे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री वाजविण्यात जात, म्हणून वादकाला प्रिय व्यक्तीच्या सहवासासाठी उरणारी वेळ म्हणजे रविवारची दुपार. त्या निवांतपणातून हे गीत आले, असे कॅव्हालिएर सांगतात. कंपनीला ते प्रसिद्ध करण्यायोग्य वाटेना. मरी द के या प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने आग्रह धरला तेव्हा वेक्सलरचे मन वळले.

यानंतर 'बिलबोर्ड'च्या यादीत जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. २० मे १९६७ च्या आठवड्यात 'ग्रूव्हिन' पहिल्या क्रमांकावर आले. दोन आठवड्यांनी त्याला खाली सारून अरीथा फ्रँकलिन यांचे 'रिस्पेक्ट' वर गेले; आणखी दोन आठवड्यांनी 'ग्रूव्हिन' परत पहिले आले. दोन्ही तबकड्या अटलांटिकच्याच. एका बाजूला ओटिस रेडिंगची रचना घेऊन तिला कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्वाभिमानाचा अर्थ देणारी गायिका, दुसऱ्या बाजूला त्याच परंपरेत तयार झालेले गोरे तरुण, आणि दोघांची एका कंपनीच्या छताखाली ही चढाओढ. शिवाय 'ग्रूव्हिन'ने 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीतही तिसरा क्रमांक गाठला. याचा अर्थ कृष्णवर्णीय ग्राहकांनीही ही तबकडी घेतली. पुढे बुकर टी. यांच्या वाद्यवृंदाने हे गीत केवळ वाद्यांवर वाजविले आणि १९६८ मध्ये स्वतः अरीथा फ्रँकलिन यांनी आपल्या 'लेडी सोल' या संग्रहात ते गायले. आतापर्यंत एकाच दिशेने वाहणारा ओघ येथे उलटला. देवाणघेवाण हा शब्द सार्थपणे वापरावयाचा तर तो येथून पुढे.

१९६८ या वर्षाकडे वळताना साधनांच्या चिकित्सेचा एक मुद्दा उपस्थित होतो. 'पीपल गॉट टू बी फ्री' हे स्वातंत्र्याची मागणी उघडपणे मांडणारे गीत मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी या दोघांच्या हत्यांमुळे जन्मले, असे सर्वत्र लिहिले जाते. कॅव्हालिएर हे केनेडींच्या निवडणूक मोहिमेशी संबंधित होते, त्यामुळे या कथेला बळ मिळते. किंग यांची हत्या ४ एप्रिलची, केनेडींचा मृत्यू ६ जूनचा. परंतु गीताचे ध्वनिमुद्रण मे महिन्यात झालेले होते. तेव्हा दुसरी हत्या हे त्याचे कारण असू शकत नाही. फ्लॉरिडातील फोर्ट पिअर्स येथे प्रवासात गाडी बिघडली असता लांब केसांच्या या तरुणांना स्थानिक टोळक्याने धमकावले, तो प्रसंग या गीतामागे होता असेही नमूद आहे. हे निमित्त किंग यांच्या हत्येपुढे क्षुल्लक दिसते. पण म्हणून ते खोटे ठरत नाही. गीताची निर्मिती आणि लोकांनी ते ज्या अर्थाने स्वीकारले तो अर्थ, या दोन वेगळ्या घटना आहेत. जुलैमध्ये तबकडी बाहेर आली तेव्हा देश दोन्ही शवयात्रा पाहून बसला होता. ऐकणाऱ्यांनी आपला शोक त्या गीतात ओतला आणि ऑगस्टच्या मध्यापासून सलग पाच आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे स्मृतीने हा अर्थच मूळ कारण म्हणून मागे नेऊन ठेवला असावा. राजकीय आशयाची तबकडी काढण्यास कंपनी नाखूश होती, हेही कॅव्हालिएर यांनी सांगितले आहे. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर वाढलेल्या कंपनीने असे कचरावे, यातून व्यापाराची सावधगिरी कळून येते.

गाणे गाणे सोपे असते. या वाद्यवृंदाने त्याच सुमारास एक अट जाहीर केली, तिचे मोल आम्ही गीताहून अधिक मानतो. ज्या कार्यक्रमात कृष्णवर्णीय कलावंतांना स्थान नसेल त्यात आपण वाजविणार नाही, अशी ती अट होती. दक्षिणेकडील राज्यांतील काही कार्यक्रम यामुळे त्यांच्या हातून गेले. यशाच्या शिखरावर असताना उत्पन्नावर पाणी सोडणे ही गोष्ट लहान नव्हे. ऑलिंपिक्सच्या वाट्याला न आलेले श्रेय या अटीने त्यांना मिळाले नाही, हे खरे. पण पुढच्या ऑलिंपिक्सना व्यासपीठ मिळावे एवढी तजवीज तिने केली. ऋणाची परतफेड मूळ धनकोलाच होते असे इतिहासात क्वचितच आढळते.

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. १९६९ चा 'फ्रीडम सूट' हा दोन तबकड्यांचा संच महत्त्वाकांक्षी असला तरी त्याचा वाद्यसंगीताचा भाग पसरट झाला आहे. कॅव्हालिएर यांनी ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी सच्चिदानंद यांचे शिष्यत्व पत्करले होते. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ ड्रीम' या संग्रहात तर 'सत्त्व' नावाचे, सतारीची साथ असलेले गीतच आहे. अमेरिकन तरुणांच्या त्या वेळच्या भारतप्रेमातील बरेचसे वरवरचे होते. पण येथे त्यातून एक अनपेक्षित गाठ पडली. जॅझ वादक अॅलिस कोल्ट्रेन याही याच स्वामींच्या अनुयायी. १९७१ मध्ये वाद्यवृंद अटलांटिक सोडून कोलंबिया कंपनीत गेल्यावर निघालेल्या 'पीसफुल वर्ल्ड' या संचात त्यांचे, तसेच रॉन कार्टर व ह्यूबर्ट लॉज या कृष्णवर्णीय जॅझ वादकांचे वादन आहे. संगीत गंभीर झाले, ग्राहक मात्र उरले नाहीत. ब्रिगाटी १९७० मध्येच बाहेर पडला होता, पाठोपाठ कॉर्निशही गेला. १९७२ चा 'द आयलंड ऑफ रिअल' हा शेवटचा संग्रह ठरला. १९९७ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. २०१२-१३ मध्ये चौघे एका रंगमंचीय कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले. डॅनेली डिसेंबर २०२२ मध्ये निवर्तला.

या विषयावर अधिक संशोधन करू इच्छिणाऱ्यांना एका अडचणीची कल्पना असावी. अटलांटिक कंपनीच्या जुन्या फिती न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथील एका गुदामात ठेवल्या होत्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्या गुदामाला आग लागली आणि १९४९ पासूनच्या दोन दशकांतील अप्रकाशित गीतांच्या व पर्यायी मुद्रणांच्या हजारो फिती जळाल्या. प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांच्या मूळ प्रती बहुतांशी अन्यत्र असल्यामुळे वाचल्या. स्टुडिओत एखादे गीत टप्प्याटप्प्याने कसे घडत गेले, कोणती चाल कोणी सुचविली आणि कोणती टाकून दिली, हे ज्यांवरून ठरविता आले असते ती साधने मात्र बहुतांशी नाहीशी झाली. आणि त्या बाबतीत संशोधकाला आता हयात कलावंतांच्या आठवणींकडेच जावे लागते.