टाळ, डबा आणि मिरांडा

गॉथिक म्हटले की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते : व्ही.टी. स्टेशन. टोकदार कमानी, रंगीत काचा आणि जबडा वासून खाली बघणारी दगडी जनावरे. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला. आता डोळ्यांत काजळ फासून, भर उन्हाळ्यात काळे कपडे घालून, मर्तिकाच्या चालीवर गाणाऱ्या मंडळींना गॉथिक म्हणतात. हे ज्ञान मला माझ्या पेणच्या पुतण्याकडून मिळाले. तो धाटावला कारखान्यात नोकरी करतो आणि घरी गिटार वाजवतो. म्हणजे, वाजवतो असे त्याचे म्हणणे आहे.

त्याने मला लंडनचा एक बँड ऐकवला. नाव ‘मिरांडा सेक्स गार्डन’. (हे नाव घरात मोठ्याने घेण्याची सोय नाही, तेव्हा यापुढे नुसते मिरांडा. तरी वहिनींनी आतून विचारलेच, “कोण हो ही मिरांडा?”)

पण हकीकत ऐकण्यासारखी आहे. तीन मुली पोर्टोबेलो रस्त्यावर उभ्या राहून मॅड्रिगल गात. मॅड्रिगल म्हणजे चार-पाच गळ्यांनी एकमेकांत गुंफून म्हणायचे जुने गाणे. इंग्लंडात त्याची चलती थॉमस मोर्लीच्या काळात, १५९० नंतरची. आपले तुकोबा १६०८ चे. म्हणजे वयाने अभंगाचा मावसभाऊच म्हणा. फक्त तिकडे आळवणी बहुधा रुसलेल्या प्रेयसीची. १९९१ साली या मुलींची नुसत्या गळ्यांची तबकडी निघाली, ‘मॅड्रा’. मग गिटारे आली, ड्रम आले आणि १९९४ च्या ‘फेअरीटेल्स ऑफ स्लेव्हरी’ला निर्माता म्हणून आले अलेक्झांडर हाके. आडनाव आपल्याकडचे वाटते, पण गृहस्थ बर्लिनचे. ज्या बँडमध्ये ते वाजवत त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘कोसळत्या नव्या इमारती’. आमच्याकडे हे नाव एखाद्या हाउसिंग सोसायटीला शोभले असते. ही मंडळी पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल, जे हाताला लागेल ते वाजवतात. १९८४ साली त्यांच्यापैकी काहींनी लंडनच्या एका कलासंस्थेत ‘आवाज आणि यंत्रे’ यांची मैफल मांडली आणि भर कार्यक्रमात रंगमंचालाच ड्रिल लावले. मैफल मध्येच थांबवावी लागली.

“काका, जुना गळा आणि लोखंड! असा प्रयोग आपल्याकडे कोण करणार?” पुतण्या म्हणाला.

मी म्हटले, “तू रोज ज्या गाडीने जातोस, तिच्या पुढच्या डब्यात बस एकदा.”

हा रूळमार्ग रोह्यापर्यंत आला १९८६ साली. रोह्यापासून पुढची हद्द कोकण रेल्वेची. पेण, कासू, नागोठणे, रोहा एवढाच आमचा टापू. डब्यात कारखान्यांची पहिली पाळी, कचेऱ्यांतले कारकून, दोन-चार मास्तर आणि आमचे भजनी मंडळ. गर्दीत पखवाज आणणार कुठून? म्हणून डब्याच्या पत्र्यावरच थाप पडते. एकाचा स्टीलचा डबा डग्ग्याचे काम करतो, फक्त आत आमटी असली तर आवाज बसतो. खालून चाके ठेका धरतात. पूर्वी रुळांचे सांधे होते तेव्हा ठेका अगदी कडक असे. रूळ सांधून अखंड केल्यापासून तो जरा मिळमिळीत झालाय, अशी बुवांची तक्रार आहे. पण पुलावर गाडी चढली की काय धडधडाट होतो! त्या क्षणाला बुवा बरोबर द्रुत लय गाठतात. खिडकीतून रसायनांचा वास येऊ लागला की धाटाव जवळ आले समजायचे आणि भैरवी धरायची. त्या हाकेसाहेबांना इथे ड्रिल लागले नसते.

पुतण्या बसला, रमला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बुवा, एकादशीच्या बैठकीला गिटार आणू का? मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’वाले अभंगच गातात गिटारवर.”

मंडळात दुफळी झाली. “अभंगाला विलायती वाद्य?” असे ज्यांनी सर्वांत चढ्या आवाजात विचारले, ते आमचे पेटीवाले. आता पेटी काय पंढरपूरला जन्मली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. तिकडे ती पायाने चालवत. आपण तिला मांडी घालून बसायला शिकवले आणि हाताने भाता मारू लागलो. तरी १९४० साली आकाशवाणीने तिला हाकलून दिले. कारण काय, तर तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. १९७१ साली बंदी सैल झाली. मधली एकतीस वर्षे भजनी बुवांनी रेडिओला विचारलेसुद्धा नाही. देवळातली पेटी देवळातच राहिली, आणि तिच्याशिवाय भजन होते ही गोष्टच लोक विसरले.

मी हे सांगितल्यावर पेटीवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खरी अडचण गिटारची नव्हतीच. मंडळात एकेकाळी अठरा टाळकरी होते, आता सात आहेत. पैकी तिघे निवृत्तीला आलेले. तरुण पोरे कानांत बोंडे घालून शेजारी उभी असतात. बुवांनी पुढे म्हटलेली ओळ मागून उचलणारे गळेच कमी पडतात. मिरांडाच्या मुलींना तीन गळ्यांवर भागवता आले. सात गळ्यांची झील पुलाच्या आवाजापुढे तोकडी पडते.

बुवांनी निकाल दिला. “आण गिटार. पण आधी सहा महिने टाळ धरायचा. ठेका कळल्यावर तार.”

“आणि कपडे?” पेटीवाल्यांनी खोच काढली. कारण स्वारी नखशिखान्त काळ्यात होती.

“काळे असू देत,” बुवा म्हणाले, “विठोबा कुठे गोरा आहे?”

सध्या पुतण्या टाळ कुटतो. कासूला गाडी हिसका देते तिथे त्याची हमखास मात्रा चुकते आणि पेटीवाले मागून त्याच्या खांद्यावर बोटाने सम दाखवतात.