जगन्नाथाचा ‘जगरनॉट’ कसा झाला?

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणतेच, “हा जगन्नाथाचा रथ आहे, सगळ्यांनी हात लावायला हवा.” मराठीत या रथाचा अर्थ एवढाच: अनेकांनी मिळून ओढायचे काम. इंग्रजीत मात्र याच नावावरून आलेल्या ‘जगरनॉट’चा अर्थ वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी, न थोपवता येणारी शक्ती असा आहे. ब्रिटनमध्ये तर अवजड मालमोटारीलाही जगरनॉट म्हणतात! जगाच्या नाथाच्या नावाला हा संहारक अर्थ कसा चिकटला?

ओडोरिक या इटालियन धर्मोपदेशकाने 1330 साली सांगितलेल्या प्रवासवर्णनात, मूर्तीच्या रथाखाली भाविक स्वतःला झोकून देतात, असे म्हटले आहे. गंमत म्हणजे ही हकिगत त्याने पुरीची नव्हे, कोरोमंडल किनाऱ्याकडची म्हणून सांगितली. पुढे 1803 मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून ओडिशा जिंकून घेतला आणि 1806 साली कंपनीच्याच पदरी असलेला पाद्री क्लॉडियस ब्युकॅनन पुरीला गेला. रथाखाली एकाने जीव दिल्याचे त्याने लिहिले. त्याचे पुस्तक 1811 मध्ये आले व इंग्लंडात गाजले. कंपनी सरकार यात्रेकरूंकडून कर घेते याची त्याला चीड होती, आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात मोकळीक हवी होती. त्याचे वर्णन वाचताना हे विसरून चालणार नाही.

मग मृत्यू होतच नव्हते काय? होत होते. पण जगन्नाथाचा नंदीघोष रथ पाहा: 16 लाकडी चाके, सुमारे 45 फूट उंची, ना ब्रेक ना सुकाणू. शेकडो माणसे दोर ओढतात तेव्हा कुठे तो हलतो; एकदा हलला की जडत्वामुळे चटकन थांबत नाही. चाकांपुढे लाकडे टाकून त्याला अडवावे लागते. एवढ्या गर्दीत चाकाजवळ कुणी पडले तर काय होईल, हे जडत्वाचा धडा झालेला विद्यार्थीही सांगेल. ओडिशाचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानेही 1872 मध्ये हेच मांडले: जाणूनबुजून जीव देणारे विरळा, बहुतेक मृत्यू अपघाती.

तोवर शब्द मात्र रुळला होता. हंटरनंतर 14 वर्षांनी, 1886 साली, स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत हाइड एका लहान मुलीला तुडवून पुढे जातो आणि ते पाहणाऱ्याला तो माणूस न वाटता जगरनॉट वाटतो.