उच्चक्षमता आलिशान सेडान, युरोपीय

चार दारे, ऐसपैस बैठक, स्वतंत्र डिकी आणि शर्यतीच्या गाडीला शोभेल असे इंजिन असलेली मोटारगाडी. या वर्गातील स्पर्धा प्रामुख्याने तीन जर्मन कंपन्यांत चालत आली : बीएमडब्ल्यूची एम५, मर्सिडीज-एएमजीची ई६३ आणि आउडीची आरएस६. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार विकत घेतल्यानंतर २००९ साली आलेली एक्सएफआर ही याच वर्गातील ब्रिटिश गाडी.

इतिहास. एम५ प्रथम १९८५ मध्ये लोकांसमोर आली. ३.५ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन २८६ अश्वशक्ती देई. बाहेरून मात्र ती साध्या ५-सीरिजसारखीच दिसे. पुढे इंजिने वाढत गेली : ई३९ पिढीत व्ही८, ई६० मध्ये ५०७ अश्वशक्तीचे व्ही१०, त्यानंतर टर्बो व्ही८. २०२४ च्या एम५मध्ये व्ही८ला विजेच्या मोटारीची जोड असून एकत्रित शक्ती ७२७ अश्वशक्ती आहे. पहिली एम५ दीड टनाच्या आत होती, ही २.४ टनांच्या वर गेली आहे.

मर्सिडीजने १९९० मध्ये ५०० ई सादर केली. डब्ल्यू१२४ बांधणीत पाच लिटरचा व्ही८ बसवताना चाकांवरचे पत्रे इतके रुंद झाले, की गाडी कारखान्याच्या नेहमीच्या जोडणी-रांगेत मावेना. म्हणून जोडणीचे बरेचसे काम श्टुटगार्टमधील पोर्शेकडे गेले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या एएमजीने ही परंपरा ई५५ आणि ई६३ मधून पुढे नेली. आउडीची आरएस६ २००२ मध्ये आली. तिचे सेडान रूप दोन पिढ्यांनंतर थांबले आणि तिची जागा आरएस७ने घेतली.

तुलना. सहाशे अश्वशक्तीच्या आसपास आकड्यांतला फरक किरकोळ ठरतो. खरा फरक पडतो तो ही शक्ती रस्त्यावर कशी उतरते यात. एम५ मुळात मागच्या चाकांवर चालणारी. २०१७ पासून चारही चाकांना शक्ती मिळते, पण चालक ती पुन्हा फक्त मागच्या चाकांकडे वळवू शकतो. शेवटच्या पिढीतील ई६३मध्ये हवेचे सस्पेन्शन होते. आउडीचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे असते. त्यामुळे वळणावर गाडीचा पुढचा भाग जड वाटतो, पण ओल्या रस्त्यावर चारही चाकांना शक्ती देणाऱ्या क्वात्रो यंत्रणेची पकड मोठा दिलासा देते.

महाराष्ट्र. डब्ल्यू१२४ पिढीचीच साधी ई-क्लास १९९५ पासून पुण्यात बनू लागली. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९ पासून चालू आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे २००७ पासून आउडी ए६ची जोडणी सुरू झाली. बीएमडब्ल्यूने मात्र चेन्नई निवडले. २०१० मध्ये औरंगाबादेतील ग्राहकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि मराठवाड्यातील या बाजारपेठेकडे देशाचे लक्ष वेधले गेले. वरील सर्वोच्च क्षमतेच्या सेडान मात्र तयार स्थितीतच आयात होत आल्या. चाकणला जोडलेली ३०६ अश्वशक्तीची एएमजी ए३५ ही त्यांची लहान बहीण.

वर्धा जिल्हा. या गाड्यांची विक्री आणि सर्व्हिसिंग यांसाठी जिल्ह्यातील लोकांना जवळचे मोठे केंद्र नागपूरच. वापराच्या दृष्टीने जिल्ह्यात रस्त्यांचे दोन प्रकार पडतात. पहिला गावरस्त्यांचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे गावरस्ते लाटांसारखे उंचसखल होतात. तेथे आणि उंच गतिरोधकांवर या गाड्यांचे पोट घासते.

दुसरा प्रकार समृद्धी महामार्गाचा. सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून जाणारा हा काँक्रीटचा रस्ता नागपूर ते शिर्डी या टप्प्यासह ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण आहे. आखणी ताशी १५० किमीची असली तरी कारसाठी सपाट भागात मर्यादा १२० किमी आहे. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, २५० च्या वेगात ६९ मीटर; आणि ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा चौपटीहून अधिक होते. रस्त्यात अचानक आलेले जनावर किंवा बंद पडलेला ट्रक दिसल्यावर हाच हिशोब जीव वाचवतो किंवा घेतो.

वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तापलेल्या काँक्रीटवर टायर हाच सर्वांत नाजूक भाग असतो. यांपैकी अनेक गाड्यांत स्टेपनीही नसते. म्हणून निघण्यापूर्वी थंड टायरमधली हवा मोजावी, टायरचे वय पाहावे आणि वेग मर्यादेत ठेवावा. येथे गाडीची पारख तिच्या कमाल वेगावर करू नये. १२० च्या वेगात ती किती स्थिर राहते, किती कमी अंतरात थांबते आणि आतल्या माणसांना किती जपते, हीच तुलनेची योग्य कसोटी आहे.