डोलवीचा मुलगा आणि जनगणनेचा रकाना

आज एक कल्पना करू. साल १८८१. कुलाबा जिल्हा, पेण तालुका, धरमतर खाडीजवळचे डोलवी गाव. जनगणनेचा प्रगणक एका ओटीवर बसला आहे. घरात सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला ऐकू येते, पण तो बोलत नाही. हाक मारली तर वळत नाही. दिवसभर शिंपले एका ओळीत मांडत बसतो. गावात कुणी त्याला घुम्या म्हणते, कुणी खुळा.

मुलगा काल्पनिक आहे. प्रगणकापुढचे रकाने मात्र खरे. ब्रिटिश जनगणनेत व्यंगांचे चारच प्रकार होते : वेडे, जन्मतः मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. हा मुलगा पहिल्यात जाईल, दुसऱ्यात जाईल, किंवा आईबाप गप्प राहिले तर कोणत्याच रकान्यात जाणार नाही.

त्या काळी ऑटिझम हा शब्दच नव्हता. १९११ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध करून त्याला नवा अर्थ दिला. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत १९८० पर्यंत अशी मुले ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ याच नावाखाली येत. स्वतंत्र नोंद १९८० ची. १९९४ मध्ये ॲस्पर्गर हे वेगळे नाव आले आणि २०१३ मध्ये तेही एकाच वर्णपटात विरून गेले.

आपला ‘स्वमग्नता’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ याचाच वारस. मला तो पुरता पटत नाही. आपला मुलगा स्वतःत नव्हे, शिंपल्यांत मग्न आहे.

आता पुन्हा आपल्याकडे. १९३१ नंतर जनगणनेतून व्यंगांची मोजणी गेली. ती परतली १९८१ मध्ये, म्हणजे कुलाब्याचा रायगड झाला त्याच वर्षी. पण तेव्हा विचारले गेले ते केवळ आंधळे, मुके आणि पांगळे. केवळ अशा रकान्यांवरून ‘पूर्वी हा विकार नव्हता’ असे ठरवणे म्हणजे १९८१ पूर्वी रायगड जिल्ह्यात कुणी राहतच नव्हते, असे म्हणण्यासारखे आहे.

रकान्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. त्या कायद्याखालचे प्रमाणपत्र हवे तर मुलाला ‘मतिमंद’ किंवा ‘मनोरुग्ण’ ठरवून घ्यावे लागे. ज्याची बुद्धी चांगली, त्याची अडचण अधिक. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचे नाव प्रथम घेतले, पण १९९५ ची यादी तशीच राहिली. ती बदलली २०१६ च्या कायद्याने : सातांचे एकवीस प्रकार झाले, त्यांत ऑटिझम स्वतंत्र आला आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणातही त्याला वाटा मिळाला.

मधल्या २०११ च्या जनगणनेत ‘मतिमंदता’ होती, ‘मानसिक आजार’ होता, ‘इतर’ही होते. ऑटिझमचा रकाना नव्हता. तो मुलगा त्या वर्षी डोलवीत असता, तर प्रगणकाचे पेन पुन्हा तिथेच अडले असते.